अंग ऊन लागतंय

ही गोष्ट खरी आहे. स्वानंदीने ती आजवर दोघांनाच सांगितली. दोघांनीही विषय बदलला.

रात्र नव्हती. देवासला, ऑगस्टमधल्या एका शनिवारी, भर दुपारी तीन वाजता हे घडलं.

तिचे वडील उमाशंकर, म्हणजे नाना, जानेवारीत धारला भावाच्या घरी वारले. नातवंडांना मराठी वाचता येत नाही, म्हणून नाना रोज लॅपटॉपसमोर बसून जुन्या आठवणी बोलून ठेवायचे. तीन वर्षांचं बोलणं. ते सगळं स्वानंदीला लिखाणात हवं होतं. बोलणं ऐकून मजकूर लिहिणारा प्रोग्राम त्याच नऊ वर्षं जुन्या लॅपटॉपवर आठ दिवस अखंड चालणार होता.

"जळणार नाही ना रे?" तिने दुरुस्तीवाल्या भूपेंद्रला आधीच विचारलं होतं.

"बुढ्ढा है दीदी, दौड़ेगा तो हाँफेगा ही!" तो हसला. "पचासी डिग्री तक आराम से चलाओ. नब्बे के ऊपर टिका रहे तो रोक देना, पंखा साफ कर दूँगा. सौ को छुआ तो खुद ही बंद हो जाएगा."

तिने लॅपटॉप दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवला. दर तासाला प्रोसेसरचं तापमान वहीत लिहू लागली. ८३. ८४. ८४.

तिसऱ्या दिवशी दुपारी...

पंख्याचा आवाज थांबला.

तिने आकडा पाहिला. ३७.

प्रोसेसरवरचा भार मात्र शंभर टक्के. इतकं राबणारं यंत्र एवढं थंड राहूच शकत नाही.

३७.८

३८.९

आकडा चढत होता. एकेका पॉइंटने. आजवर तो कधी पॉइंटमध्ये दिसला नव्हता.

तिने लॅपटॉपवर तळहात ठेवला. पत्रा तापला होता... पण यंत्र तापतं तसा नाही.

कपाळ तापतं तसा.

४०.३

आणि स्क्रीनवर अक्षरं उमटू लागली. ही फाइल तिने घातलेलीच नव्हती. नावाच्या जागी तारीख होती.

नाना गेले त्याच्या आदल्या रात्रीची.

'विनीता, अंग ऊन लागतंय.'

'रुकिए नाना, ऊनी शाल लाती हूँ.'

'शाल नको गं... ऊन... ऊन...'

विनीता म्हणजे तिच्या भावाची, प्रणवची बायको. कुक्षीच्या हिंदी घरातली. तिच्या कानाला ऊन म्हणजे लोकर. तापाने फणफणलेल्या माणसाला तिने मायेने शाल गुंडाळली होती.

पुढची ओळ आली.

'प्रणव, ताईला फोन लाव.'

'लावतो नाना. झोपा तुम्ही.'

तो फोन आलाच नव्हता. आला तो सकाळचा. "ताप वगैरे काही नव्हता, ताई. झोपेतच गेले." सात महिने ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होती. प्रणवने सगळं नीट केलं म्हणून तिने त्याचे आभारसुद्धा मानले होते.

तिने हात उचलला आणि प्रणवला फोन लावला.

"नानांना ताप किती होता?"

"आज ये अचानक क्या, ताई? सांगितलं ना, नव्हता."

"चाळीस पॉइंट तीन. म्हणजे एकशे साडेचार."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"कोणी सांगितलं तुला?"

"तू सांग."

"विनीतालाही माहीत नाही गं. तिला वाटलं, थंडी वाजतेय. मी एकट्यानेच बघितला ताप. थर्मामीटर धुऊन ठेवून दिला. सोचा, सुबह डॉक्टर को बुला लेंगे. तुला कळवलं असतं तर तू रात्रीच निघाली असतीस, वर मलाच बोलली असतीस..."

"हो," स्वानंदी म्हणाली. "निघाले असते."

देवासहून धार. अडीच तास.

तिने फोन ठेवला. रडू आलं नाही. ती लॅपटॉपकडे वळली.

दोन ओळी वाढल्या होत्या.

'कोण, स्वानंदी? आलीस? किती गार आहे तुझा हात.'

आणि त्याखाली...

'हात का काढलास गं?'

तिने दोन्ही हात पत्र्यावर दाबले. पत्रा कोमट झाला होता. आकडा उतरत होता.

३५. २९. २४.

खोलीत ऑगस्टचा उकाडा होता. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता.

आकडा अठरावर थांबला. जानेवारीतल्या पहाटे धारच्या खोलीत एवढंच असतं.

भार अजून शंभर टक्के.

सोमवारी भूपेंद्रने लॅपटॉप उघडून पाहिला. पंखा ठीक होता. त्या दुपारच्या नोंदीत सरळ चौऱ्याऐंशी. तसली फाइल कुठेही नाही.

"बचा हुआ काम चालू कर दूँ, दीदी?"

"नको."

प्रणवचे फोन येतात, ती उचलत नाही. लॅपटॉप कपाटात बंद आहे. पुढची ओळ कोणाला उद्देशून असेल, हे तिला माहीत नाही... आणि वाचायची तिची तयारी नाही.