पाचपैकी तीन

"यादीत आमचे हे आहेत," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "तिसरे. दोन वर्षांपूर्वी गेले, तरी आहेत."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेल्या या बाईंची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुतण्याने त्यांच्यासाठी एक वेबपान बनवून दिलं होतं. त्यावर माणसांची यादी. बाण दाबला की स्क्रीन रीडर एकेक नाव आणि ते एकूण कितींपैकी कितवं हे वाचायचा, एंटर दाबलं की त्या माणसाला फोन लागायचा.

"त्या नावावर एंटर दाबलंत?" तपासनीस बाईंनी विचारलं. अशी पानं तपासणं हाच त्यांचा धंदा.

"एकदा. फोन उचलला. पलीकडे नुसता श्वास."

"काही बोललात?"

"जेवलात का, विचारलं."

भरदुपारी खोली गार वाटू लागली.

"मामी, चारच नावं आहेत गं," भाची म्हणाली. "मी, हा तुझा पुतण्या, शेजारीण आणि डॉक्टर. बाई, तुम्ही तेवढं लेखी द्या म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन ठरवणार होते, ऑपरेटरबाईंचं डोकं ठिकाणावर आहे की नाही. नसेल तर बाईंची रवानगी आश्रमात आणि घराचा कारभार भाचीकडे. तपासनीसही तिनेच मागवला होता. आलेल्या बाईंच्या हातातली पांढरी काठी बघून मात्र ती जरा गोंधळली होती.

तपासनीस बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. लाह्या फुटाव्यात तसा स्क्रीन रीडरचा आवाज सुरू झाला. पुतण्याने कान टवकारले, पण एक अक्षर कळेल तर शपथ.

"वेग तुम्हीच वाढवलात, आजी?"

"रेंगाळणारा आवाज सोसत नाही मला."

"मलाही."

एक बाण. दुसरा. तिसऱ्याला त्यांचं बोट थबकलं.

'अहो. पाचपैकी तीन.'

त्या घाबरल्या, हे कबूल केलं पाहिजे. भुताखेतांवर विश्वास नसला म्हणून भीती वाटत नाही असं थोडंच आहे? मग त्या पुतण्याकडे वळल्या.

"पडद्यावर न दाखवता शब्द फक्त आवाजाला देता येतात?"

"हो. काकूसाठी सूचना असतात ना, त्यासाठी तशी सोय केलीय."

"ती कोण वापरू शकतं?"

"मी. आणि ही ताई. नंबर बदलायला तिला पासवर्ड दिलाय."

"काकांचा फोन कुठे आहे?"

"ताईने तेव्हाच बंद केला."

तपासनीस बाईंनी एंटर दाबलं.

भाचीच्या पर्समध्ये काहीतरी घुरघुरू लागलं. ती उठली नाही, पर्सही उघडली नाही.

"रोज सगळ्यांदेखत नाव वाचलं जात होतं," तपासनीस बाई भाचीला म्हणाल्या. "पण हा वेग डोळस माणसाला कळत नाही. तो पडद्याकडे बघतो. पडद्यावर चार, म्हणून आजींना भास. पण यादी 'पाचपैकी' म्हणत होती. डोळ्यांना लपवलेलं मोजणीतून सुटलं नाही. 'मामा' किंवा 'काका' लिहिलं असतंत तर तुम्हा दोघांवर बोट आलं असतं. तुम्ही 'अहो' लिहिलंत. ते फक्त यांचं होतं. आणि तुम्ही बोलावला होतात डोळ्यांनी बघणारा तपासनीस."

"दोन वर्षं हिचं सगळं मी केलं," भाची म्हणाली. "कोणी विचारलं मला?"

"जेवलात का, हे ऐकून घेतलंस," ऑपरेटरबाई म्हणाल्या, "आणि गप्प राहिलीस."

भाची पर्स उचलून निघून गेली. तपासनीस बाईंनी उद्यासाठी चार ओळी लिहून दिल्या, घडलं तसं.

पुतण्याचे डोळे भरून आले होते. त्याने कीबोर्डकडे हात नेला. "काकू, ते नाव आत्ताच काढून टाकतो."

ऑपरेटरबाईंनी त्याचा हात धरला.

"तिचं काढ," त्या म्हणाल्या. "त्यांचं राहू दे."