थांबलेलं दिसत नाही

पटलं तर घ्या, नाही तर सोडा. वाद घालायचं त्राण माझ्यात नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. गेल्या डिसेंबरात, खारबावजवळच्या खाडीत.

आणि रात्री नाही. भर दुपारी.

मी सोनारचे सिग्नल बनवते. म्हणजे पाण्यात आवाज सोडायचा आणि काय परत येतं ते ऐकायचं. उथळ पाण्यात मेली कटकट फार. चिखल, दगड, काठ, सगळ्यांवरूनच आवाज परततो. म्हणून मी सिग्नल असा बांधला होता, की थांबलेलं सगळं गाळायचं. हलेल त्याचाच ठिपका पडद्यावर.

अकरा दिवस चाचण्या चालल्या होत्या. कंबरेचा पार काटा ढिला झालेला.

होडी सावळारामकाकांची. त्यांचा मुलगा जीवन तीन वर्षांपूर्वी याच खाडीत रेती काढायला उतरला आणि वर आलाच नाही. देहसुद्धा मिळाला नाही.

काका रोज विचारायचे, "रंजिता, आमचा जीवन गावंल का गं यात?"

"काका, यात हलतं तेवढंच दिसतं."

मग ते वल्हवत राहायचे. मला स्वतःचाच राग यायचा.

शेवटच्या दिवशी, ओहोटीला, एक ठिपका उमटला...

मासा नव्हता. वेग माणसाच्या चालण्याचा. तळावरून, आमच्याकडेच येत होता.

आम्ही काठाकडे वळलो.

तोही वळला...

होडी काठाला लागली. ठिपका बरोबर आमच्या खाली आला आणि नाहीसा झाला.

"गेला?" काकांनी विचारलं.

"जाताना दिसला असता, काका. तो... थांबलाय."

काका पाण्याकडे बघत राहिले.

"दमला असंल. तीन वरसं चालतोय." मग वाकून हळूच म्हणाले, "चल बाबा, घरी."

ते उतरले आणि बांधावरून गावाकडे निघाले. मी पाण्यात सोडलेला सेन्सर ओढून होडीत घेतला. आता ऐकायला पाणीच नव्हतं.

तरी पडद्यावर ठिपका हलला...

काकांच्या मागोमाग. त्यांच्याच चालीनं.

अहवालात मी 'यंत्रात बिघाड' लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी राहवलं नाही, काकांना फोन लावला.

"हळू बोल पोरी," ते कुजबुजले. "आत्ता कुठं झोप लागलीय त्याला."

तेव्हापासून पडदा रिकामा दिसला, की मी पाय वर घेऊन बसते.