बारा पोटऱ्या

तळेगावच्या चिंधू कुंभाराचे उपकार दामिनीनं किती म्हणून आठवावेत! त्यानं कामाला छपरी दिली, नदीकाठची माती चाळून दिली, भट्टीत जागा दिली, आणि वर रोज दुपारी गडवाभर ताकही दिलं. एवढं सगळं देऊन तो विचारायचा काय, तर "बाई, पोटऱ्याच काऊन? देव कर, मानसाचं तोंड कर. पोटरीले कोन हात जोडते?"

दामिनी नुसती हसायची. नागपुरात शिल्पकला शिकलेली ही पोरगी आष्टीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होती. पावसाळ्यात वर्ध्याच्या एका सभागृहात तिची पहिली मांडणी लागणार होती. दोरी काढून टाकलेली एक बाज, आणि तिच्या रिकाम्या चौकटीत सुतळीनं टांगलेल्या भाजक्या मातीच्या बारा पोटऱ्या. प्रत्येकीवर दाबणाऱ्या बोटांचे ठसे. बघायला येणाऱ्यानं बाजेशेजारी बसायचं आणि आपली बोटं त्या खळग्यांत ठेवून पाहायची. बस, एवढंच.

पोटऱ्या तिच्या धाकट्या भावाच्या, अमरच्या. बोटं तिच्या मायची, रामबाईची.

अमरला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. हाडं कुणी आतून पिळून काढतंय अशी कळ यायची ती पायांत उतरायची, आणि गोळ्या लागू पडेस्तोवर माय त्याचे पाय दाबत बसायची. घोट्यापासून सुरू करून गुडघ्यापर्यंत वर जायचं, दोन श्वास थांबायचं, पुन्हा घोट्यापासून. एकवीस वर्षं तिनं हे केलं, आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. दामिनी शिकली, नोकरीला लागली, ती या बाईच्या हातांवर. बाप गोमाजी जंगलखात्याच्या कामावर आठ आठ दिवस बाहेर, म्हणजे घरात जे काही टिकलं ते त्या दोन हातांनी टिकवलं. दामिनीला हे सगळं एकदा जगासमोर म्हणायचं होतं.

पण खरी गोष्ट निराळीच होती. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, तीन दिवस पापणीला पापणी न लागलेल्या रामबाईचा भर दुपारी बाजेवर बसल्या बसल्या डोळा लागला. ती पायथ्याशी, पाय त्याच्याकडे पसरलेले. तासाभरानं जागी झाली तेव्हा अमर गेला होता. त्याच्या एका हाताची पाचही बोटं तिच्या पोटरीत रुतलेली होती.

"हाक माराले जीव नसन उरला," ती म्हणायची. "हातानं उठवून राह्यला होता मले. अन् मी ढाराढूर! माय हाव का कोन हाव?"

गोमाजीनं समजावलं, दवाखान्यातल्या नर्सबाईनं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवसापासून रामबाई दुपारची टेकत नव्हती, रात्री घटकाभर पडली तर पडली. डोळे खोल गेले, लुगडं अंगावर ठरेना. दामिनीला ते हाल पाहवत नव्हते. ही माय अशीच जागून जागून संपणार, ही भीती तिच्या काळजात घर करून बसली होती.

म्हणून मांडणीच्या निमित्तानं तिनं मायला छपरीत आणलं. हातांना काम मिळालं तर मनाची गाठ थोडी सैल होईल, असा तिचा साधा हिशेब. गवताच्या पेंढीवर माती लपेटून दामिनी पोटरी वळायची. भट्टीत गवत जळून जातं, पोटरी पोकळ राहते आणि फुटत नाही. ओली असतानाच ती मायपुढं ठेवायची.

"मातीले काय दुखते वं?" पहिल्या दिवशी रामबाई म्हणाली.

"दाब तर खरं, माय. अमरचे दाबत होती तसे."

दोनदा दाबलं आणि हात माती विसरले. रामबाईची मान एका बाजूला कलली, ओठ हलायला लागले. दामिनीनं मान वळवून डोळे पुसले.

पहिल्या दिवशी चार पोटऱ्या झाल्या. वाळूच्या थरावर ठेवून त्यांच्यावर ओलं पोतं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दामिनीनं त्या उलट्या केल्या, तर एकीच्या खालच्या अंगाला चार खळगे होते. ओळीनं. पलीकडच्या बाजूला एक, अंगठ्याचा.

माय तर वरूनच दाबायची. दामिनीनं चिंधूला विचारलं.

"बाप्पा! माही बोटं पाह्य ना," म्हणत त्यानं पंजा पुढं केला. जाड, वांग्यासारखी बोटं. खळगे मात्र बारीक होते, लांब.

पोत्याची घडी पडली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण वाळू खाली जशीच्या तशी होती, तिच्यावर एक ओरखडाही नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या चारांपैकी आणखी एकीला तसंच झालं. या वेळी खळग्यांच्या तीन ओळी होत्या, एकीवर एक.

दामिनी भाबडी नव्हती. ती वहीत टिपू लागली: कोणती माती, कुठं ठेवली, कधी उलटली. अकरा पोटऱ्या झाल्या तेव्हा तिघींच्या खालच्या अंगाला खळगे होते, आठींची ती बाजू कोरी. वहीवरून बोट फिरवता फिरवता ती एका जागी थांबली. त्या तिन्ही पोटऱ्या दाबताना मायला डुलकी लागली होती. पळभरच, आणि प्रत्येक वेळी ती दचकून उठली होती.

म्हणजे माय म्हणत होती ते खरं. अमर धरत होता, हलवत होता, उठवत होता. अजूनही उठवतोय. हे खळगे मायनं पाहिले तर ती उभ्या जन्मात डोळा मिटणार नाही. दामिनीनं त्या तिघी एका कोरड्या पोत्याखाली लपवल्या, आणि मायनं विचारलं तेव्हा "वाळून नाई राह्यल्या" असं खोटं सांगितलं. खोटंही नव्हतं म्हणा. बाहेर आग ओकणारं ऊन, आणि त्या तिघी चार दिवसांनीही काल वळल्यासारख्या ओल्या.

बारावी पोटरी गुरुवारी घेतली. चिंधू बाजाराला गेला होता. दुपारचे दोन. कडुलिंबाची सावली छपरीच्या दारापर्यंत आलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. रामबाई खांबाला टेकून पाय पसरून बसली होती, लुगडं मातीत भरू नये म्हणून गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पोटरी मांडीशेजारच्या पाटावर.

दाबता दाबता तिचे हात मंदावले.

"माय," दामिनीनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तीन वर्षांची झोप होती ती. तिच्यानं उठववेना.

रामबाईची हनुवटी छातीवर टेकली. हात मातीवरून घसरून मांडीवर आले. श्वास लांबला.

दामिनी पाटावरच्या मातीकडे टक लावून बसली. काही झालं नाही.

मग तिचं लक्ष मायच्या पायाकडे गेलं.

घोट्याच्या वर, सुकलेल्या कातडीत, चार खळगे पडले होते. समोरून एक. ते भरून आले. बोटभर वर पुन्हा पडले. पुन्हा भरून आले.

पायाजवळ कुणी नव्हतं. ऊन लख्ख होतं, पायावरची शीर न् शीर दिसत होती.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. उठून मायला ओढून न्यावं असं वाटलं, पण ती उठली नाही. ती बघत राहिली.

खळगे गुडघ्यापर्यंत गेले. थांबले. रामबाईनं एक श्वास घेतला, दुसरा घेतला.

खळगे घोट्यापासून पुन्हा सुरू झाले.

दामिनीनं तोंडावर हात दाबला. उठवणारा माणूस असं दाबतो का? त्या दुपारीही तो उठवत नव्हता. थकलेली माय झोपली, म्हणून पोरगा तिचे पाय दाबत बसला होता. जाता जाताही.

तिला रडू फुटलं, आवाज न करता. भीती होतीच, पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी उरात भरून आलं होतं.

"अमर," ती कुजबुजली. "लय उपकार झाले रे, बाबू. उठली की सांगतो मी तिले. आता पुरे. तुहे हात दुखले असन."

खळगे थांबले.

बराच वेळ काही हललं नाही. रामबाई मंद घोरत होती.

मग झोपेतच तिनं तो पाय जवळ घेतला, आणि दुसरा पुढं केला.