परतल्यावर कळवा

वॉटली, तो ओंडका जरा आत सरकव, सगळा धूर माझ्याच तोंडावर येतोय. हां. आणि हॅलोरन, तू मघाशी विचारलंस ते आता सगळ्यांसमोर विचार, लाजतेस कशाला? उद्या तो कागद भरून द्यायचाय आणि कुठल्या चौकोनात खूण करायची ते तुला कळत नाहीये, एवढंच ना? चोवीस वर्षं पाणबुड्यांवर काढली म्हणून या म्हाताऱ्या चीफला सगळं ठाऊक, असा तुमचा समज. मी उत्तर देणार नाही. माझ्या ओळखीच्या एका माणसाचं काय झालं ते सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

काम अगदी साधं होतं. एका पोरीचा थंडीचा कोट तिच्या घरातून आणायचा. लाल, टोपीवाला, आत शिरल्यावर डाव्या हाताच्या कपाटात. दोन हजार एकोणीस साल, अकरा डिसेंबर, बुधवार. संध्याकाळचे सव्वापाच. म्हणजे आपल्याकडे डिसेंबरात किती अंधार असतो ते तुम्हाला माहीत आहे. पॉल्सबोच्या पलीकडच्या रस्त्यावर, फरच्या झाडांमागचं ते घर. मी पिकअप चालवत होतो, शेजारी मर्ल टॅलबर्ट.

मर्ल आमच्या बोटीवर इंजिनाच्या बाजूला होता. नेब्रास्काचा. अठराव्या वर्षी भरती झाला तोवर त्यानं समुद्र पाहिलाच नव्हता, आणि पाणबुडीत गेल्यावरही पाहिला नाही, असं तो स्वतःच सांगून हसायचा. अकरा गस्ती. पोरगी टेसा झाली तेव्हा हा पाण्याखाली, तिचा पहिला दात पडला तेव्हा पाण्याखाली. बायको नॉरीन मोठी तिखट. एकदा गोदीवर सगळ्यांदेखत मला म्हणाली होती, "चीफ, वर्षातले सहा महिने नवरा तुमचा आणि सहा महिने माझा. माझ्या वाटणीत तो नुसता झोपतो." मी म्हटलं, "माझ्या वाटणीत घोरतो." ती हसली. मला ती आवडायची, खरंच सांगतो.

तर तो कागद. घरी कुणी गेलं, काही वाईट झालं, तर गस्तीवर असताना कळवावं की परतल्यावर? दोन चौकोन. बोट तर काही मागे फिरत नाही. आपण कुठे आहोत ते जगाला कळू द्यायचं नाही, याचाच तर पगार घेतो आपण. मग कळून करणार काय? मी माझ्या पोरांना दर खेपेला एकच सांगायचो, "परतल्यावर कळवा. खूण करा आणि मोकळे व्हा. तिथे खाली रडायला जागा नाही." आणि खरं सांगू? ज्यानं 'लगेच कळवा' वर खूण केली तो मनाचा कच्चा, असं आम्ही चीफ लोक आपसात बोलायचो. मर्लला त्या वर्षी चीफ व्हायचं होतं. माझ्या शिफारशीवर सगळं होतं. पेन हातात घेऊन त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. त्यानं 'परतल्यावर' वर खूण केली.

घरी नॉरीननं विचारलं, "काही झालं तर तुला लगेच कळवतात ना?" हा म्हणाला, "लगेच. हेलिकॉप्टर पाठवून उचलतात." हे त्यानंच मला सांगितलं, जेवताना, हसत हसत. मीही हसलो.

छत्तिसाव्या दिवशी संदेश आला. नॉरीन किराणा दुकानाबाहेर, गाडीत सामान ठेवता ठेवता कोसळली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. दवाखान्यात पोचायच्या आतच संपलं होतं. पोरगी शाळेत होती. नॉरीनची बहीण डार्ला स्पोकेनहून आली, दफन उरकलं, पोरीला घेऊन गेली, घराचं मेन स्विच बंद करून कुलूप लावलं.

बोटीवर हे तिघांना माहीत. कॅप्टन, बोटीवरचं औषधपाणी बघणारा आणि मी. संदेशाची घडी करून मी वरच्या खिशात ठेवली. एकेचाळीस दिवस. आणि मर्ल रोज माझ्यासमोर बसून जेवायचा. घरी गेलो की स्वयंपाकघर रंगवणार म्हणायचा, नॉरीनला पिवळा हवाय, मला तो रंग बघवत नाही, तुम्ही काय म्हणता चीफ? मी म्हणायचो, पिवळा चांगला दिसतो. तो तिला पत्रं लिहून ठेवायचा, परतल्यावर द्यायला. घरून येणारे तिचे निरोप थांबले तेव्हा विचारायला आला. मी म्हणालो, "यंत्रणा खराब आहे, सगळ्यांचीच अडकलीत." हे खोटं बोलताना माझा आवाजही बदलला नाही. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

किनाऱ्याला लागायच्या आदल्या संध्याकाळी कॅप्टननं त्याला आत बोलावलं. मी बाजूला उभा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. रडला नाही. एकच विचारलं, "कधी?" कॅप्टननं तारीख सांगितली. मर्लनं मनात हिशेब केला आणि माझ्याकडे वळला. "त्या रात्री आपण पत्ते खेळलो, चीफ. तुम्ही मला मुद्दाम जिंकू दिलंत."



म्हणून त्या बुधवारी मीच त्याला गाडीतून घेऊन निघालो. रात्रीतून डोंगर ओलांडून स्पोकेन गाठायचं, पोरीला भेटायचं. डार्लाचा फोन आला होता, इकडे बर्फ पडतोय आणि टेसाकडे धड कोट नाही. बस, एवढंच काम.

मी गाडी चालू ठेवली, हीटर लावला. मर्ल विजेरी घेऊन आत गेला. पाच मिनिटं झाली. सात झाली. आत विजेरीचा उजेड एका जागी थांबला होता, हलत नव्हता.

मग तो बाहेर आला. हातात कोट नव्हता. विजेरीही नव्हती. गाडीत बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून समोर बघत राहिला. मग बोलायला लागला.

बाप समुद्रावर गेला की घरची पोरं कागदाच्या पट्ट्यांची साखळी करतात, ती तुम्ही पाहिलीच असेल. जितके दिवस तितक्या कड्या, रोज झोपताना एक फाडायची. परतायची तारीख कुणाला सांगायची नसते, पण बायकांना ती बरोबर माहीत असते. नॉरीन पट्ट्या कापायची, प्रत्येकीवर निळ्या शाईनं तारीख घालायची, पोरगी त्या स्टेपल करायची. साखळी स्वयंपाकघराच्या चौकटीला टांगलेली. पोरगी स्पोकेनला गेली तेव्हा पस्तीसएक कड्या शिल्लक असणार. कुलूपबंद घर. आत कुणी नाही.

"चीफ," मर्ल म्हणाला, "एकच कडी उरलीये. आजची."

बाकीच्या खाली जमिनीवर पडल्या होत्या. फाटलेल्या. नीट एका ढिगात.

तो कपाटातून कोट काढत होता, तेवढ्यात आतून आवाज आला. तिचा. जवळून नाही... ओट्याच्या बाजूनं कुठून तरी. दमलेला.

"मर्ल?... तुला कळवलं होतं ना?"

त्याच्या हातून कोट पडला.

परत. "मी थांबले होते... कळवलं होतं ना त्यांनी?"

आता तुम्ही सांगा, काय बोलायचं माणसानं? मर्ल म्हणाला, "हो. लगेच कळवलं. मी खूप मागे लागलो, कॅप्टननं सोडलं नाही."



मग ती म्हणाली, "बरं... मग ठीक आहे."

आणि ती शेवटची कडी त्याच्यादेखत फाटून खाली पडली. घर मोकळं झालं, असं त्याला वाटलं. हे त्याचेच शब्द. पाहुणे गेल्यावर होतं तसं मोकळं. ती गेली होती.

गाडीत तो रडायला लागला. "मेल्यावरही मी तिच्याशी खोटं बोललो, चीफ. पण ती सुटली. सुटली ना?"

"सुटली," मी म्हणालो. आणि मला ते मनापासून पटलं होतं, बघा. इथवर सगळं ठीक होतं. मी तसंच गिअर टाकून निघायला हवं होतं.

पण कोट आत राहिला होता. म्हटलं, मी आणतो, तू बस.

आत थंडी होती. विजेरी जमिनीवर पडलेली, अजून जळत होती. कोट तिथेच. चौकटीला नुसता खिळा. खाली कागदांचा ढीग. मी कान देऊन उभा राहिलो. काही नाही. रिकामं घर.

रिकामं आहे म्हणूनच मला धीर आला. एकेचाळीस दिवस जे गिळलं होतं ते वर आलं. कुणाला तरी सांगायचंच होतं, आणि ऐकणारं कुणी नव्हतं. मी टोपी काढली. म्हणालो, "नॉरीन, त्याला कुणी कळवलं नाही. त्यानं लिहून दिलं होतं, सांगू नका म्हणून. मी द्यायला लावलं. संदेश माझ्या खिशात होता. तो तुला पत्रं लिहीत होता आणि मी बघत होतो. त्याला काल संध्याकाळपर्यंत काहीच माहीत नव्हतं. मला माफ कर."

बोललो. छाती हलकी झाली. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मी कोट उचलायला वाकलो.

आणि ओट्याकडून...

खट्.

मी थांबलो.

कागद सरकल्याचा आवाज. मग परत.

खट्.

स्टेपलर, हॅलोरन. घाई नाही. एक झालं की थोडं थांबून दुसरं. बाई ओट्यापाशी उभी राहून रोजचं काम करते, तसं.

खट्...

...खट्.

मी कोट तिथेच टाकला. दार कसं ओढलं, कुलूप कसं लावलं, आठवत नाही. गाडीत बसलो. मर्लनं विचारलं, "कोट?"

"सापडला नाही," मी म्हणालो. "वाटेत नवीन घेऊ."

"आत काही...?"

"काही नाही. सगळं शांत आहे."

त्यानं डोळे मिटले, डोकं मागे टेकलं आणि आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा, मला वाटतं, गाढ झोपला. स्पोकेनपर्यंत मी गाडी चालवली. पहाटे पोरगी त्याच्या गळ्यात पडली. ते मला बघवेना, मी बाहेर बर्फात जाऊन उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी एकटा परत आलो. मर्लनं किल्ली माझ्याकडेच ठेवली होती. भर दुपारी गेलो, बारा वाजता, तेवढी अक्कल होती मला. कोट होता तिथेच होता. जमिनीवरचा ढीग नव्हता. एक कपटाही नाही. आणि चौकटीच्या खिळ्याला नवी साखळी. जमिनीपर्यंत आलेली, तिथून पुढे वेटोळं करून ओट्याखाली गेलेली. पट्ट्या सरळ कापलेल्या. पिना चकचकीत.

ती सुटली होती रे. त्याच्या त्या एका खोट्यानं सुटली होती. मी माझं मन मोकळं करायला गेलो आणि तिला परत वाट बघायला बसवलं. तिच्या लेखी तिचा नवरा अजून घरी आलाच नाहीये. खरं सांगणारा नवरा.

मी गुडघ्यावर बसून एकेक कडी हातात घेऊन बघितली. नॉरीन तारीख घातल्याशिवाय पट्टी कधी द्यायची नाही, टेसाला ओरडायची त्यावरून. मी सगळ्या तपासल्या, आतून, बाहेरून. ओट्याखाली हात घालून शेवटपर्यंत.

एकाही कडीवर तारीख नव्हती.

मर्ल निवृत्त झाला, स्पोकेनलाच असतो. ते घर त्याला विकवत नाही, तसंच बंद आहे. दर नाताळात फोन करतो आणि म्हणतो, चीफ, निदान ती तरी सुटली. मी हो म्हणतो.

त्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.