कमी पाण्याचं झाड

ज्ञानदा होळीच्या बाजारात भाजी घ्यायला गेली आणि चक्क भांडायला लागली. मुळ्याच्या जुड्यांशेजारी एका तरुणाने सक्युलंटच्या, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या रोपांच्या, इवल्याशा कुंड्या मांडल्या होत्या आणि त्यांच्यावर तो मनसोक्त पाणी शिंपडत होता.

“अहो, मारताय त्यांना! पानं बघा कशी लिबलिबीत झालीत. मुळं कुजली असणार.”

“वटार गावचा वाडीवाला मी, बागायतीतला,” तो ओशाळून हसला. “झाड दिसलं की हात पान्याकडे जातोच... मी भूपेश. तुम्ही शिकवाल?”

झालं! दर रविवारी उमेळ्याच्या फ्लॅटमधून ज्ञानदाची स्कूटर वटारला निघू लागली. वाडीतल्या सावलीत बसून दोघं पसरट कुंड्या भरत. मातीत भरड रेती, मधोमध जेडचं रोप, काठावरून लोंबणारं सेडम. भूपेशला मात्र त्यातच पुदिना लावायचा होता.

“दिसण्यावर जाऊ नका. ज्यांची तहान सारखी, तेच एका कुंडीत लावायचे.”

“आणि पुदिन्याला हाच शेजार पायजे असेल... तर?” त्याने तिच्याकडे बघत विचारलं.

ज्ञानदाने मान खाली घालून उगाच रेती चाळली. कानशिलं गरम झाली होती.

‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं ते कळलंही नाही. मग सकाळ-दुपार-संध्याकाळ त्याचे फोन – उठलीस? जेवलीस? पोचलीस? त्याची आई, बायजाकाकी, अळूवड्यांचे डबे पाठवी. कित्येक वर्षं एकटी राहिलेली ज्ञानदा सुखावली आणि गुदमरलीही. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा ती घाबरून बोलून गेली, “मी कमी पाण्याचं झाड आहे रे. इतकी माया झेपायची नाही मला.”

“बरं,” एवढंच म्हणून तो गेला.

फोन थांबले. आधी तिला हायसं वाटलं. मग चहा गार होऊ लागला, हात सारखा मोबाईलकडे जाऊ लागला. आपण हे काय करून बसलो, या विचाराने तिची झोप उडाली. आठवडा उलटला तशी ती तडक वटारला गेली.

भूपेश मोगऱ्याला पाणी घालत होता. तिला बघून नळी हातातून सुटली.

“रागावलास?”

“नाय गं. तूच सांगितलेलं ना, माती पुरती सुकेपर्यंत हात लावायचा नाय? रोज फोन उचलायचो... ठेवून द्यायचो.”

ज्ञानदाला हसू आलं आणि डोळेही भरले. “वेड्या, माती सुकली का ते बोट घालून बघायचं असतं! लांब उभं राहून कसं कळेल?”

तो जवळ आला. हलकेच विचारलं, “मग... सुकली?”

“केव्हाच! लग्न करायचंय मला तुझ्याशी. फक्त, रविवारची दुपार माझी एकटीची. तेव्हा डबा नाही, फोन नाही.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी,” ती त्याचा ओला हात हातात घेत म्हणाली, “उजाडल्याबरोबर विचार, उठलीस का म्हणून.”