गुडघ्याला झेपेल असा ज्वालामुखी

"गुडघ्याला झेपेल असा ज्वालामुखी कुठून बघायचा?"

हा प्रश्न मला एका मंगळवारी सकाळी साडेआठला, हिलो बंदराच्या धक्क्यावर, माझ्या टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसानं विचारला. तो नखशिखांत भिजला होता. पाऊस पडत होता. हिलोत तो पडतच असतो, त्याची बातमी होत नाही. पण जहाजापासून माझ्या टेबलापर्यंत जेमतेम शंभर पावलं. तेवढ्यात इतकं भिजायला माणूस छत्री विसरणारा असावा लागतो.

"गुडघा कोणाचा?" मी विचारलं.

"आईचा. डावा. उजवाही… पण ती कबूल करत नाही."

त्याच्या अंगात काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची विजार होती. म्हणजे प्रवासी नव्हता, जहाजावरचा खानसामा होता.

माझं काम सांगते. मोठं जहाज दर मंगळवारी आठला लागतं आणि सहाला सुटतं. मधल्या दहा तासांत लोकांना ज्वालामुखी हवा असतो, धबधबे हवे असतात, जेवण हवं असतं आणि जहाज चुकायला नको असतं. हे सगळं एका कागदावर बसवून देणं माझं काम. चार वर्षांत माझ्या कागदावर चाललेल्या एकाही माणसाचं जहाज चुकलेलं नव्हतं.

"आई कधी येणार?"

"आजपासून सात आठवड्यांनी. घरच्या माणसाला एक फेरी फुकट मिळते, तिच्यावर. धबधबा तिला बघायचाय. अकाका. माझे बाबा तरुणपणी होनोमूला ऊस तोडायला होते, रविवारी तिथं जायचे. लग्नानंतर तीस वर्षं तिला दाखवतो दाखवतो म्हणाले आणि चार वर्षांपूर्वी वारले." त्यानं कपाळावरचं पाणी पुसलं. "ज्वालामुखी मला तिला दाखवायचाय. आणि माझी सुट्टी आठ ते दोन. दोनला मी ओट्याशी नसलो तर अडीच हजार लोक उपाशी."

"अडीच हजार लोकांना तुम्ही एकटे जेवू घालता?"

"बटाटे मी सोलतो. बटाट्यांशिवाय ते जेवत नाहीत."

मी हसले नाही. निदान त्याला दिसेल असं नाही. दहा मिनिटांत कागद तयार केला. आधी वर ज्वालामुखी, मग उतरून गावातून पलीकडे, अकाका, परत धक्का. त्यानं तो नीट वाचला आणि विचारलं, "अकाकाला पायऱ्या किती?"

मला माहीत नव्हतं. चार वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही मोजल्या नव्हत्या. हे मला लागलं.

"मोजून सांगते."

"मी येऊ? पुढच्या मंगळवारी? तुम्ही मोजा… मी गुडघा होतो."

त्याचं नाव जेरिक दुमलाओ. माझं नोहेआ. पुढच्या मंगळवारी माझ्या पिकअपमध्ये बसल्याबसल्या तो म्हणाला, "अहो-जाहो नको हं. आईचा गुडघा दोघांचा झालाय आता."

तो खरोखरच गुडघा झाला. गाडीतून उतरला की आईच्या चालीनं चालायचा, डावा पाय जरा बाहेर टाकत, कठड्याला धरत. प्रत्येक बाकावर बसायचा.

"जेरिक, ऊठ."

"आईला 'ऊठ' म्हणतेस? वळण नाही का काही?"

"काकू… उठता का जरा?"

"आता कसं! पण उठत नाही. गार वाटतंय."

मी घड्याळ लावून त्या बसण्याचीही नोंद केली. अकाकाच्या पायऱ्या उतरताना मोजल्या, चढताना पुन्हा मोजल्या. आकडा ऐकून तो जवळच्या बाकावर बसला. मग मला सापडलं की डावीकडच्या वाटेनं गेलं तर पायऱ्या निम्म्याहून कमी होतात. त्यानं माझा हात धरून जोरजोरात हलवला आणि सोडायला विसरला. मीही आठवण केली नाही.

वर ज्वालामुखीच्या उद्यानात वाफेच्या भेगांपाशी त्याचा चष्मा धुकटायचा. "नोहेआ, तू कुठं आहेस?" आंधळ्यासारखे हात पुढे करून तो विचारायचा.

"समोर."

"कितीशी समोर?"

"पुरेशी."

तिसऱ्या फेरीत सगळं बसलं. गुडघ्याच्या विश्रांतीसकट पाच तास दहा मिनिटं. कागदात बदलायला काहीच उरलं नाही. मी तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या मंगळवारी परतीचा रस्ता एकदा बघायला हवा."

"हवाच," तो म्हणाला.

चौथ्या फेरीत परतीचा रस्ता पाहिला. पाचव्या फेरीत कोणत्या बाकावर शेवाळ धरतं ते पाहिलं. सहाव्या फेरीत काय पाहायचं होतं ते आज मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की ज्वालामुखीच्या कड्यावर उभं राहून तो म्हणाला, "आईच्या फेरीनंतर माझा करार संपतो. शनिवारी. मग दुसरं जहाज देणार आहेत, बहुतेक अलास्काचं."

"किती दिवस?"

"पाच महिने… जास्तही."

खाली खोलगट काळं मैदान पसरलं होतं, थंड, मधूनमधून धुरकट. ज्वालामुखी महिनाभर झोपलेलाच होता.

"अलास्कात ज्वालामुखी आहेत?" मी विचारलं.

"आहेत की. पण तिथं पायऱ्या मोजून द्यायला कोणी नाही."

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. मी म्हणाले, "अकरा वाजून पाच झाले. निघू या."

पुढच्या मंगळवारी आठ वाजून पंधराला एस्तेलिताकाकू जहाजाच्या फळीवरून उतरल्या. बुटक्या, जाडसर, फुलाफुलांचा झगा आणि हातात जड पिशवी. मी त्यांच्या गळ्यात पानांची माळ घातली. त्यांनी माझे गाल दोन्ही हातांत धरले.

"तूच का ती? घड्याळवाली?"

"आई!" जेरिक म्हणाला.

"काय आई? फोनवर दुसरं बोलतोस काय तू?"

त्यांना मी पुढे बसवायला निघाले, तर त्या मागे जाऊन बसल्या. "तुम्ही पुढे बसा दोघं. मला मागून सगळं दिसतं."

आठ वाजून पंचवीसला निघालो. नऊपर्यंत सगळं कागदाप्रमाणे. नऊ वाजून चार मिनिटांनी उद्यानाच्या दोन मैल अलीकडे एक वळण घेतलं आणि समोर गाड्यांची रांग लागली. लाल दिवे वरपर्यंत. मंगळवारी सकाळी? या रस्त्यावर?

तेवढ्यात वरच्या गावातून पुआलानीमावशीचा फोन आला. ती ओरडतच होती. "पेले उठली! अगं, पेले उठली! झाडांच्या वर आलीय!"

मावशी ज्वालामुखीला त्याच्या देवीच्या नावानंच हाक मारते. महिनाभर निजलेली पेले आज, याच सकाळी, उठली होती; आणि पेले उठली की अर्धं हिलो हातातलं काम टाकून गाडी काढतं. शिक्षक, पोस्टमन, बेकरीवाले, सगळे. मी इथंच जन्मले आहे, मला हे माहीत असायला हवं होतं. मी कागदात शेवाळ धरलं होतं, बाक धरले होते, पाऊस धरला होता. ज्वालामुखी जागा होईल हे मात्र कुठंच धरलं नव्हतं.

दहा मिनिटांत आम्ही चार गाड्या पुढे सरकलो. मी हिशेब केला. याच वेगानं उद्यानाचा दरवाजा गाठायचा तर साडेअकरा, आणि मग धबधबा गेला. काकूंचा धबधबा, ज्यासाठी त्या आल्या होत्या.

"काकू, माझी चूक झाली," मी म्हणाले. मी बाहीनं डोळे पुसले. "दोन्ही होणार नाही. गाडी वळवते. धबधबा तरी…"

"वळव," जेरिक लगेच म्हणाला.

काकू पिशवीतून काहीतरी काढत होत्या. केळीच्या पानातला, नारळाच्या दुधातला तांदळाचा केक. एक तुकडा मला, एक त्याला.

"आधी खा. रडून गाडी चालवू नये. या रस्त्यानं किती वेळा आलात दोघं?"

"सहा," मी म्हणाले.

"कागद कितव्यांदा झाला?"

वायपर एकदा गेला, एकदा आला.

"तिसऱ्यांदा," मी म्हणाले.

"मलाही माहीत होतं तिसऱ्यांदा झाला ते," जेरिक समोर बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"बावीस वर्षं हॉटेलच्या खोल्या झाडते मी," काकू म्हणाल्या. "एका खोलीला अठ्ठावीस मिनिटं. कामाला किती वेळ लागतो ते मला कळतं. आणि काम नसताना किती लागतो, तेही."

फोन अजून चालूच होता. मावशीनं सगळं ऐकलं होतं. "त्या बाईंना माझ्याकडे घेऊन ये!" ती फोनमधून ओरडली. "दरवाजाशी कशाला मरताय? डावीकडची वाट घे, माझ्या कुरणात ये. इथून दिसतेय ती!"

मी चाक डावीकडे वळवलं.

कुरणात पोचलो तेव्हा नऊ पंचवीस झाले होते. मावशीनं गाईंच्या मधोमध चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आणि समोर, झाडांच्या शेंड्यांच्या वर, तांबडा-केशरी खांब आभाळात चढत होता. चढायचा, फुटायचा, पुन्हा चढायचा. लाट फुटावी तसा आवाज येत होता, फक्त ही लाट मागे फिरत नव्हती. पाऊस थांबला होता की आमच्या लक्षातच येत नव्हता, सांगता येत नाही.

काकू गाडीतून उतरल्या, सपाट गवतावरून सात पावलं चालल्या आणि खुर्चीत बसल्या. एकही पायरी नाही. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

"बाप रे," त्या हळूच म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, जेरिककडे न बघता, "हे तू मला दाखवलंस."

जेरिकचा चष्मा धुकटला होता, आणि इथं वाफ नव्हती. मी माझा हात पुढे केला. त्यानं तो नीट, बोटांत बोटं गुंतवून धरला, आणि या वेळी विसरण्याचं नाटक कोणीच केलं नाही.

दहा वाजून दहाला निघालो. वर जाणारी रांग तशीच होती. खाली जाणारा रस्ता मोकळा. हिलो ओलांडलं, होनोमू गेलं, अकाकाच्या वाहनतळावर वळलो आणि मी ब्रेक दाबून बघतच राहिले. जहाजाच्या दिवशी इथं उभं राहायला जागा मिळत नाही. आज एकही गाडी नव्हती. सगळे वर, पेलेकडे. माझा कागद जिनं मोडला होता, तिनंच धबधबा रिकामा करून दिला होता.

काकू डावीकडच्या वाटेनं उतरल्या, प्रत्येक कोरड्या बाकावर बसत. शेवटच्या वळणावर आधी आवाज आला, मग तुषार, आणि मग तो… हिरव्या कड्यावरून एकाच पांढऱ्या रेषेत थेट खाली.

बराच वेळ त्या कठड्याशी उभ्या होत्या.

"चांगला उंच आहे, याचा बाप म्हणायचा. बस, इतकंच." त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. "चांगला उंच! आभाळातून पडतोय हा. पण तो असाच होता. लग्नाचं विचारायला आला तेव्हा म्हणाला, जमेल का बघ. सहा महिने मला कळलंच नाही की हा विचारून गेलाय." त्या वळल्या आणि मुलाकडे बोट केलं. "तू असं करू नकोस. मी सांगून ठेवते."

चढताना अर्ध्यावर गुडघा अडला. जेरिक पाठीवर घ्यायला वाकला, तर त्यांनी त्याला चापट मारली. "बटाट्याचं पोतं आहे का मी?" एक हात त्याच्या खांद्यावर, एक माझ्या. एक पायरी, श्वास. एक पायरी, श्वास. मी घड्याळ पाहिलं नाही असं म्हणणार नाही, पाहिलं, तीनदा. शेवटच्या पायरीवर त्यांनी आमचे खांदे सोडले, ती पायरी एकट्यानं चढल्या आणि रिकाम्या वाहनतळाकडे तोंड करून दोन्ही हात वर केले.

"आले गं बाई मी!" त्या ओरडल्या. कोंबड्या सोडून ऐकायला कोणी नव्हतं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

धक्क्यावर पोचलो एक वाजून अठ्ठावीसला. काकूंनी माझा मुका घेतला, पिशवी उचलली आणि फळीकडे निघाल्या. "वळून बघणार नाही मी," त्यांनी जाहीर केलं, आणि दोनदा वळून बघितलं.

आम्ही दोघं फाटकाशी उरलो. फाटकावरचे रखवालदार क्लिफर्डकाका कागद वाचायचं सोंग करत होते.

"बत्तीस मिनिटं आहेत," जेरिक म्हणाला.

"एकतीस."

"नोहेआ, मी… म्हणजे शनिवारी होनोलुलूला उतरलो की… जमलं तर…"

"जेरिक!"

"नाही. थांब. पुन्हा सांगतो." त्यानं चष्मा काढला, पुसायला ॲप्रन नव्हता म्हणून माझ्या बाहीवर पुसला, पुन्हा घातला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. पहिल्या बाकापासून. अलास्काच्या कागदावर सही केलेली नाही आणि करणार नाही. याच जहाजावर राहायचंय असं आज लिहून देतो. दर मंगळवारी इथं. आणि शनिवारी सहा आठवड्यांची सुट्टी लागतेय. ती हिलोत काढणार आहे, तुझी हरकत असली तरी."

"हरकत आहे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला.

"शनिवारी होनोलुलूहून पहिलं विमान सकाळी असतं. दुपारचं घेतलंस तर हरकत आहे." आणि मग, इतके आठवडे जे वेळापत्रकात बसत नव्हतं ते सरळ बोलले. "माझंही आहे. प्रेम. कधीपासून, ते विचारू नकोस. नेमकी वेळ सांगितली तर तू हसशील."

त्यानं विचारलं नाही. त्या एकतीस मिनिटांतली उरलेली कशी गेली ते क्लिफर्डकाकांना ठाऊक आहे. त्यांनी कागद तेव्हा उलटा धरला होता. दोनला दोन मिनिटं कमी असताना जेरिक फळीवरून धावत वर गेला.

सहाला जहाज सुटलं. उजेड होता. वरच्या कठड्यावर लोक ओळीनं उभे होते आणि त्यांच्यात फुलाफुलांचा झगा मला लगेच सापडला. काकूंनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"शनिवारी!" पाण्यावरून त्यांचा आवाज आला. "शनिवारी!"

शेजारच्या लोकांना काय चाललंय ते कळलं नसणार. पण दिवसभर आग बघून आलेली माणसं होती ती, ओरडायला तयारच होती. आधी दोघं-तिघं, मग सगळा कठडा हात हलवत ओरडू लागला, "शनिवारी! शनिवारी!"

क्लिफर्डकाका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "काय आहे गं शनिवारी?"

"तो येतोय," मी म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं की हे फार हळू बोलले. म्हणून धक्क्याच्या टोकापर्यंत गेले, हात वर केले आणि जहाजाला, समुद्राला आणि अख्ख्या हिलोला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं,

"तो येतोय!"