काकूंची बाटली

चुकीच्या दारातून तो आत आला आणि काकूंशी बोलताना मी पकडली गेले.

"खाऊन घ्या हं काकू, पेरू येतायत," असं मी म्हणत होते, आणि मागे हा, खांद्यावर पेरूंचा क्रेट घेऊन उभा. खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही हे त्याने नीट पाहून घेतलं. मग गंभीरपणे विचारलं, "काकू... कुठे बसल्यात?"

मला हसू आवरेना. आमच्या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी बाटल्यांत वाढवतात. रोज खाऊपिऊ घालायचं म्हटलं की नावं पडतातच. पोषणाचं पाणी जरा उशिरा घातलं की रुसणाऱ्या हट्टी पेशी म्हणजे काकू. लाल गराच्या पेरूतल्या रंगद्रव्याने त्यांची वाढ थांबते का, हे मला तपासायचं होतं. पेरू त्याच्या बागेतले.

अर्क तयार व्हायला महिना लागला, आणि महिनाभर क्रेट दाराशी ठेवून निघून जायचं तो विसरत राहिला. मी पेरू निवडताना तो माझ्याकडे बघायचा, मी वर बघितलं की पेरूकडे... एकदा म्हणाला, देठाकडून वास घ्या मॅडम, वास खोटं बोलत नाही. मी विचारलं, आणि तुम्ही? त्याचे कान लाल झाले.

एक गोष्ट मात्र खटकायची. तो येऊन गेला की काकू भराभर वाढायच्या. तो आठवडाभर बाहेर होता तेव्हा बाटलीत काहीच हललं नाही. मी तापमान तपासलं, नोंदी तपासल्या. चूक सापडली नाही. कुणाला सांगितलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं.

चाचणीच्या सकाळी मी बाटली बाहेर काढली. लेबलाची बाजू पहिल्यांदाच त्याच्याकडे होती. रुग्णालयाचं नाव, ऑपरेशनची तारीख. बाई, वय चोपन्न.

"त्या दिवशी तिथे एकच ऑपरेशन झालं," तो हळू म्हणाला. "बाहेरच्या बाकावर मी एकटाच होतो. संशोधनाला गाठीचा तुकडा द्यायची सही मीच केली."

त्याची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. माझ्या हातातली बाटली अंगाइतकी ऊबदार होती. आज अर्क घातला की आतलं सगळं मरणार होतं, आणि मग हा माझं तोंडही बघणार नाही, या भीतीने मी अर्काची कुपी बाजूला सारली.

"नाही घालत," मी म्हटलं. "सरांना काहीतरी सांगेन."

"आई नाही ती. आईला आतून खात होतं, ते आहे."

"पण तुम्ही आलात की वाढतं..."

"ओळखत असेल. अकरा महिने उशाशी बसलो होतो." त्याने बाटलीकडे बघितलं. "मला बघून काहीतरी अजून जगतंय, हे ऐकून क्षणभर बरं वाटलं... म्हणूनच घाला."

मी अर्क घातला. आता हा रोग कुणाला होणार नाही ना, असं त्याने विचारलं. मला खोटं बोलवेना. बाटलीत मरतं ते माणसात मरेलच असं नाही, म्हटलं. पेरू आवडीने खावेत, औषध समजून नव्हे.

तिसऱ्या दिवशी सगळ्या पेशी मरून, तळापासून सुटून तरंगत होत्या. तो सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून राहिला. मग डोळे न उचलताच म्हणाला, "तिला सून बघायची फार हौस होती. मला वाटतं... बघून झाली तिची."

बाटलीकडे न बघता मी हो म्हटलं.